थंड उलाँगचा दुसरा ग्लास

३ मे
चंदनने नवंच थेर सुरू केलंय. उलाँग चहा! वळलेल्या पानांच्या बारीक गोळ्या काचेच्या बाटलीत टाकायच्या, वर गार पाणी, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. उकळणं नाही, दूध नाही, साखर नाही. सकाळी पानं अख्खी उलगडलेली, पाणी फिकट सोनेरी. चव छान आहे, खोटं कशाला लिहू. पण आलं घातलेल्या कडक चहाशिवाय ज्याचे डोळे उघडायचे नाहीत, त्याला हे शिकवलं कुणी?
"मोबाइलवर पाहिलं," म्हणे.

६ मे
ग्रंथालयातून घरी आले तर बाटली रिकामी. एकट्याने एवढा प्यायला?
"धुळ्याचं ऊन बघ ना!"

७ मे
ओट्यावर दोन ग्लास. दोन्ही धुऊन पालथे घातलेले. माझा नवरा स्वतःची ताटली कधी विसळत नाही!

१० मे
समोरच्या बेबाबाईंनी गेटपाशीच गाठलं. "रूपाली, दुपारले तुना घर कोन येस वं? रिक्षा थांबस रोज."
मी हसून म्हटलं, ऑफिसचं कुणी असेल. ऑफिसचं! चंदन काम करतो घरून, ऑफिस त्याचं पुण्यात.
जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणी आलं होतं का?"
"नाही." मान वर केली नाही. उठला आणि उद्याची बाटली भरायला लागला. किती जपून! माझ्यासाठी कधी पाण्याचा तांब्या भरला नाही.

११ मे
ग्लास उजेडात धरून पाहिला. लिपस्टिक नाही, वास नाही. हुशार आहे बाई!

१३ मे
उद्या दुपारची सुट्टी टाकली. त्याला सांगितलं नाही.

१४ मे
दार नुसतं लोटलेलं. सोफ्यावर आबा — माझे वडील! चंदनशी लग्न केलं तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. गाल खोल गेलेले. चंदन त्यांना घोट घोट पाजत होता.
"तोंडाचा कॅन्सर आहे," चंदन हळूच म्हणाला. "दवाखान्यात रोज रेडिएशनचा शेक देतात, तिथून रिक्षाने इकडे येतात. गरम काही सोसत नाही. तुला सांगू नको म्हणाले."
आबांनी ओठ पुसले.
"जवाईना हातना चहा गोड लागस, बेटा."