कपॅसिटर संपले

सिंदी मेघे, दि. ८ सप्टेंबर २०२५

ति. कैलासमामास, समीक्षाचा सा. न. मामीले माझी आठवण सांगजा.

फोनवर रडू येते, म्हणून लिहून राह्यली. मले बी.एस्सी. सोडायची आहे. महिनाअखेरपर्यंत आर्ट्सले बदलून भेटते. आईले तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती जेवणार नाई.

झालं असं, प्रॅक्टिकलले सरांनी मले कपाटातून कपॅसिटर आणायले पाठवलं. मी सारे खण पाहिले अन् येऊन सांगितलं, सर, कपॅसिटर संपले, नुसते कंडेन्सर आहेत. सारा वर्ग हसला. दोन्ही एकच असते म्हणे! तुमच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात लहानपणापासून पाहिलेली वस्तू, अन् मले तिचं पुस्तकातलं नाव माहीत नाई. बाकीच्या पोरी इंग्रजीतून शिकून आल्या. हे आपलं काम नाई, मामा.

रागावजा, पण माया कमी करू नका.

समीक्षा

हिंगणी, दि. १३ सप्टेंबर

चि. समीक्षास, अनेक आशीर्वाद. इकडं सारे बरे. तुह्यं पत्र ऐकून मामी हसली, मी पण हसलो, खोटं कायले सांगू? बावीस वर्षं झाले, कंडेन्सरवर इंग्रजीत काय लिहिलं असते हे मी कधी वाचलंच नाई.

तुह्या आईले अजून सांगितलं नाई. सांगीन, पण आधी माह्यं एक काम कर. विहिरीवरची मोटार अडली की नुसती गुरगुरते. शाफ्टले दोरीनं झटका देला, तर ज्या बाजूनं देला त्या बाजूनं पळते. कंडेन्सर बदलला की झटका लागत नाई. काऊन?

मी आठवीत शाळा सोडली. उस्तादले हेच विचारलं तर त्यानं पाना फेकून मारला. मंग कोणाले विचारलं नाई. तू विचार, अन् मले समजंल असं लिहून पाठव. मंग आर्ट्सले जा का कुठं बी जा, तुह्या आईले मी समजावतो.

अशीच हक्कानं लिहीत जाजो.

कैलासमामा

सिंदी मेघे, दि. २४ सप्टेंबर

ति. मामास, सा. न.

त्याच सरांले भीत भीत विचारलं. ते हसले नाईत, खुर्ची ओढून बसले. चार दिवस आम्ही जुन्या पंख्याची मोटार उघडून पाहत होतो. उघडता फक्त मलेच येत होती, म्हणून हसणाऱ्या पोरी आता मलेच विचारून राह्यल्या!

ऐका. एका वाइंडिंगचा ओढा नुसता इकडून तिकडं होते. मोटारीले समजत नाई कोणीकडं फिरू, म्हणून गुरगुरते. कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगचा करंट थोडा पुढं काढते. दोन ओढे एकामागं एक आले की चुंबकाचं बळ गोल फिरते अन् मोटारीले दिशा भेटते. दोरीचा झटका तेच करत होता.

आर्ट्सचा अर्ज भरला नाई. आईले काही सांगू नका. तुम्ही समजूत काढली असती तर मी ऐकलं नसतं. तुम्ही विचारलं म्हणून राहिली. हे विसरणार नाई.

आशीर्वाद राहू द्या.

समीक्षा

हिंगणी, दि. २९ सप्टेंबर

चि. समीक्षास, आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. काल दुकानात कवडूभाऊची मोटार दुरुस्तीले आली होती. त्याले घाई होती, तरी उभं ठेवून सारं समजावलं. आजवर कोणी विचारलं तर मी म्हणो, असंच असते. मनात लाज वाटे. काल नाई वाटली.

आपल्यात मामा भाचीच्या पाया पडते. आजवर रिवाज म्हणून पडलो. या दिवाळीले मनापासून पडीन.

लवकर येजो.

तुहा मामा