कोठ्यातली बाज

आरमोरी, ४ ऑगस्ट १९८६

चि. श्रावण यास कांताताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

हे तिसरं पत्र. तुह्या नागपूरच्या प्रयोगशाळेत शाई संपली का रे बाबा? मायचं रक्त नेऊन दोन महिने झाले, निकाल काऊन नाई कळवत? जिवाले घोर लागला आहे.

तू सांगून गेला की मायले हत्तीपाय आहे, तिले चावलेला मच्छर माह्या बाळाले चावला तर त्यालेही होईल, तिनं दूर झोपावं. तेव्हापासून तिची बाज कोठ्यात, गाईजवळ. सुजलेला पाय ओढत दारापर्यंत येते, नातवाले दुरूनच पाहते. पुढच्या महिन्यात मी सासरी धानोऱ्याले जाईन. एकदा तरी मांडीवर घेऊ दे ना तिले!

माया असू दे, अन् उत्तर तर असूच दे.
तुही ताई

नागपूर, १९ ऑगस्ट

ती. ताईस जयभीम.

कोणत्या तोंडानं लिहू? मायच्या रक्तात जंतू नाईत. एकही नाई. तिचं शरीर त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडलं, पाय त्या भांडणानंच सुजला. तिच्या पेशींवर जंतूंचा अर्क टाकला तर त्या लगेच खवळल्या. तुलनेसाठी निरोगी माणसाच्या रक्तातलं पाणी मिसळलं, तर चूप! तीनदा केलं, तीनदा चूप. तो निरोगी माणूस मी होतो. पाय धड आहेत म्हणून माह्यंच रक्त दिलं. प्रयोगशाळेतल्या सरांनी विचारलं की तू आरमोरीचाच ना, अन् मायसारखंच माह्यंही रात्रीचं रक्त घेतलं, कारण जंतू रात्रीच रक्तात वर येतात. काचेवर नुसते वळवळत होते.

माह्या रक्तात एका जातीची प्रतिपिंडं भरमसाट आहेत. ती जंतूंचा अंश आधीच धरून ठेवतात, पेशींपर्यंत इशारा पोचूच देत नाईत. म्हणून ना ताप, ना सूज. अन् सुट्टीत बाळाजवळ आठ दिवस मीच झोपलो होतो, ताई! एवढ्यात सहसा लागत नाई असं सर सांगतात, तरी डोळ्याले डोळा नाई. गोळ्या सुरू केल्या. मायले आजच घरात घे. मी आलो का कोठ्यात झोपीन.

रागव, पण तोडू नको.
श्रावण

आरमोरी, २७ ऑगस्ट

चि. श्रावण यास सप्रेम जयभीम.

पत्र मायले वाचून दाखवलं. तिनं आधी दोनदा विचारलं, श्रावणले दुखते का. नाई म्हटलं तेव्हा कुठी बाळाले घेतलं. तो लुगड्यावर मुतला तरी खाली ठेवेना. मले तुहा लय राग आला, खोटं नाई सांगत. बाळाले दवाखान्यात दाखवीन, तू गोळ्या चुकवू नको.

कोठ्यातली बाज मायनं स्वतः ओढत घरात आणली. बाजारातून मच्छरदाणी घेतली, ती तुह्यासाठी. म्हणते, अडीच महिने मी तिथी झोपली, तिथी माह्यं लेकरू नाई झोपणार.

लवकर ये. लोभ आहेच.
तुही ताई