घरटी एक मत

१० मे, शनि.
केदारने मंडळाच्या घटनेचा मसुदा आज डायनिंग टेबलावर आणून ठेवला. इतकी वर्षं आमचं इथलं, तोक्योच्या कोतो वॉर्डातलं मराठी मंडळ जोशीकाकांच्या फोनवर चाललं. आता वॉर्डचा हॉल नियमित हवा तर नोंदणी हवी, नोंदणीला लेखी नियम हवेत. नवरोबा के. सेक्रेटरी, काम त्याच्या गळ्यात. पठ्ठ्याने त्याच्या बाबांच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे नियम मागवले आणि जिथे 'सोसायटी' तिथे 'मंडळ' केलं. गच्चीवरच्या टाकीच्या सफाईचं कलम तसंच राहिलंय. हसून हसून पुरेवाट.
मग कलम चार. तिकडे फ्लॅटमागे एक मत, म्हणून इकडे घरटी एक. मत कुटुंबप्रमुखाचं.
"प्रमुख कोण?"
"मेंबरशिप ज्याच्या नावावर. वॉर्ड ऑफिसच्या नोंदीत पण प्रमुख मीच आहे की."
हसणं तिथे संपलं.

१३ मे, मंगळ.
सेमिनार. माझ्या थीसिसचं प्रकरण ३ वाचून दाखवलं. अमेरिकेतलं न्यू जर्सी, १७७६. राजाचा गव्हर्नर अटकेत, इंग्रजांची जहाजं किनाऱ्याशी, अशा घाईत राज्याची घटना लिहिलेली. मत 'सगळ्या रहिवाशांना', फक्त थोडी मालमत्ता हवी. 'पुरुष' हा शब्दच नाही. त्यामुळे बायका मत देऊ लागल्या, पण विधवा आणि बिनलग्नाच्या. लग्न झालेलीची मालमत्ता नवऱ्याची, मग मत कुठून. पुढे १८०७ मध्ये कायदा करून सगळ्याच बायकांचं काढून घेतलं.
सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या गाईडनी, विचारलं, शब्द मुद्दाम तसा लिहिला, की लिहिताना बायका डोक्यातच नव्हत्या? कागदपत्रांवरून ठाम सांगता येत नाही, म्हटलं. ते पुटपुटले, बरं.
परतताना ट्रेनमध्ये एकदम डोक्यात आलं. मंडळातली सायली एकटी राहते, मेंबरशिप तिच्या नावावर, तिला मत आहे. पोरांचा रविवारचा मराठी वर्ग मी घेते, मला नाही. न्यू जर्सीच की! संताप झाला. मग स्वतःचाही झाला, हे दिसायला मला सेमिनार लागावा म्हणून.

१७ मे, शनि.
के.शी वाजलं.
"अगं, तू आणि मी काय वेगळं मत देणार आहोत?"
"नसू देणार, तरी मतं दोन मोजा."
"मग जोडप्यांची दोन आणि सायलीचं एक. हा कुठला न्याय?"
मुद्दा वाईट नाही. मान्य केला नाही, इथे लिहितेय फक्त.
लेक इरा मान वर न करता म्हणाली, "जान्केन करा ना." दहा वर्षांची आहे, तिचे सगळे तंटे दगड-कागद-कात्रीत सुटतात.

१ जून, रवि.
जोशीकाका-काकू चहाला. काका पहिल्यापासूनचे अध्यक्ष, मला मुलीसारखं वागवतात, त्यामुळे भांडताही येत नाही. "मुग्धा, तुझं म्हणणं सभेत ठेवू. बावीसला कलम चारवर हात वर करून मतदान."
"त्या मतदानात मत कोणाचं, काका?"
"आत्ता चालतंय तसंच. घरटी एक."
म्हणजे मला मत असावं की नाही हे नवरे ठरवणार. आणि सायली. काकू कपाकडे बघत बसल्या.

१२ जून, गुरु.
लायब्ररी. मॅसॅच्युसेट्स पुन्हा काढलं. तिथे घटनेचा पहिला मसुदा विधिमंडळानेच लिहिला, गावोगावच्या सभांनी तो नाकारला. मग घटनेसाठी म्हणून वेगळी सभा निवडली, तिने लिहिलेलं पुन्हा गावांपुढे. आणि त्या मतदानापुरती मालमत्तेची अट बाजूला. एरवी मत नसलेलेसुद्धा घटनेवर मत देऊ शकले. पुरुषच, अर्थात. आणि मंजूर झालेल्या घटनेत ती अट परत होतीच!
हे सगळं पूर्वी शंभरदा वाचलंय. आज पाठ केलं.

२० जून, शुक्र.
के. उद्या नागोयाला. रविवारी क्लायंटबरोबर गोल्फ, टाळता येत नाही.
"सभेला तू जा. आपलं मत दे. कलम चार राहावं असं."
"माझ्याच विरुद्ध मी हात वर करू?"
"मसुदा माझा, आणि माझंच घर उलटं गेलं तर कसं दिसेल? तू करशील, माहितेय मला."
ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने विश्वास टाकला. दगा देववत नाही आणि गप्पही बसवत नाही...

२२ जून, रवि.
सभा झाली.
काका एकेका घराचं नाव घेत होते. स्वतःच्या घराचं मत त्यांनी आधीच दिलं, कलम राहावं. मग "केदारचं घर?"
हात वर केला. "राहावं. हे केदारचं मत, त्याने सांगितलं तसं." सायली वळून बघायला लागली. हात खाली घेतला, परत वर केला. "आणि हे माझं. जावं."
"मुग्धा, घरटी एक."
मॅसॅच्युसेट्स सांगितलं. पाठ केलेलं अर्धं विसरले. मागे कुणीतरी हसलं. काका पुढचं नाव घेणार, तेवढ्यात काकूंचा हात वर. "माझंही, जावं." मग मागच्या खुर्च्यांमधून आणखी हात. काका मोजायचे थांबले.
घरटी मोजलं तर कलम राहतं, सगळे हात मोजले तर जातं. हे हात धरायचे का, यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा सभा. हॉलची वेळ संपली, खुर्च्या रचून निघालो.
संध्याकाळी के.चा फोन.
"दिलंस आपलं मत?"
"तुझं दिलं, तू सांगितलंस तसं. मग माझंही दिलं."
सगळं सांगितलं. चिडलाय की काय, कळेना. मग म्हणाला, "पण मग पुढच्या सभेत मत कोणाचं धरायचं?"
मी काकांना विचारलेलाच तो प्रश्न. या वेळी त्याने विचारला.