दादाच्या दारावरचा दिवा

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, पण वाकले असं धर). तब्येत विचारत नाही. तू "उत्तम" म्हणणार, हे मला पाठ आहे.

मागच्या महिन्यात वहिनी लेकीकडे गेली असताना मी तुझ्या दारात चाळीस मिनिटं घंटा दाबत उभी होते. तू आत पेपर वाचत बसला होतास. शेवटी शेजारच्या शिंप्याने खिडकीतून काठी घालून तुझा पेपर हलवला, तेव्हा तू दार उघडलंस आणि वर मलाच म्हणालास, "अगं, घंटा तरी दाबायची." तिथेच ठरवलं, की घंटा दाबली की तुझ्या डोळ्यांसमोर दिवा लागेल असं यंत्र करायचं, आणि ते मीच करायचं.

सुट्या भागांच्या दुकानदाराने "तयार मिळतं, देऊ का?" असं विचारलं. तयार स्वेटरही मिळतात, म्हणून मी विणायची थांबले का? चणाडाळीएवढे भाग, नखाएवढी हिरवी सर्किटची पाटी, आणि कथलाची तार वितळवून एकेक पाय पाटीला जोडायचा. पहिल्या पाटीवर मी कथलाचे असे गोळे टाकले, की शेजारशेजारचे सगळे पाय एकमेकांना चिकटले. दुसरीच्या वेळी तापलेलं सोल्डरिंग आयर्न ह्यांच्या चष्म्याच्या घरावर ठेवलं गेलं (चष्मा आत नव्हता, तो ह्यांच्या नाकावर होता आणि त्यातूनच ते बघत होते). "आता पुरे," एवढंच म्हणाले. तिसरीत दिव्याचे पाय उलटे लागले. ते काढताना अंगठा भाजला, पाटीचं तांबंही सोलून निघालं.

अंगठ्याला पट्टी बांधून मी चौथी घेतली. तीही गेली, पण जाता जाता शिकवून गेली: कथील आयर्नला लावायचं नाही, आधी जोड तापवायचा आणि कथील त्याला लावायचं. मग ते आपणहून पसरतं, चकचकीत बसतं. पाचव्या पाटीला मी दोन दिवस घेतले. रविवारी सकाळी बटण दाबलं आणि दिवा लागला. हे पेपर बाजूला ठेवून उठले, स्वतः दाबून बघितलं, आणि चहा टाकायला गेले. एवढं कौतुक मला लग्नानंतर प्रथमच मिळालं.

गुरुवारी बसवायला येते आहे. वहिनीस नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. डॉक्टरांनी "कानाला यंत्र नको" म्हटल्याचं तू सांगितलंस. वहिनी सांगते, यंत्र आणून वर्ष झालं आणि ते तुझ्या मोज्यांच्या खणात पडून आहे. गुरुवारी ते कानात दिसलं पाहिजे. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच आहे.

ता. क. २ कानात घातलंस तरी दिवा मी बसवणारच. फक्त लागला की लगेच धावू नकोस. फ्रिज सुरू झाला तरी तो लागतो. सहावी पाटी घेतली आहे.