बाकाचं दार

वेस्ट हार्लो, मॅसॅच्युसेट्स
२२ ऑक्टोबर

प्रिय हॅटी,

नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात. यंदा सफरचंदं इतकी लागलीत की मी टोपली घेऊन निघाले की शेजारी रस्ता बदलतात.

वाचनालयातल्या आमच्या मंडळात सध्या आपल्या कर्मठ प्युरिटन पूर्वजांवरची एक जुनी कादंबरी चालू आहे. अर्थ समजावून सांगणारी अर्थातच मी. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, खोड जाते कुठे! कादंबरीतल्या चर्चमध्येही आपल्यासारखीच दर घराण्याची वेगळी, लाकडी कठड्यानं बंदिस्त केलेली बाकं, आणि प्रत्येक बाकाला दार. बदनाम झालेली नायिका आत आली की एकेक दार लागत जातं. असं चार वेळा घडतं. मी ऐटीत म्हटलं, "दार म्हणजे देवाचा न्याय."

"कसला न्याय घेऊन बसलात, बाई!" सुतार इनॉक थर्लो म्हणाला. "ती दारं थंडी अडवायला असतात. पायाशी निखाऱ्यांची पेटी ठेवायची आणि दार ओढून घ्यायचं. मी दुरुस्त केलीत ना!"

"मग लेखक काय चार वेळा थंडीच सांगतोय होय?" मर्सी गॅस्किल फणकारली. पंच्याऐंशीची झाली, पण जिभेची धार कायम आहे.

"बरं, तिच्या सख्ख्या बहिणीनं का लावलं दार?" इनॉकनं विचारलं. "त्या पानावर तर जुलै महिना आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला उत्तर येत होतं, हॅटी. तू नवऱ्याला सोडून आलीस, त्या रविवारीही ऊनच होतं. तू मधल्या वाटेनं येताना दिसलीस आणि मी आपल्या बाकाचं दार लावून घेतलं. वर कडीही घातली. तुला वाटलं असेल, मला तुझी लाज वाटली. तसं नव्हतं गं. लोक मला काय म्हणतील, याची भीती वाटली. तू आल्या पावली परत फिरलीस, आणि मी स्तोत्र म्हणत राहिले.

पूर्वी आपल्याकडे चुकलेल्यानं भर चर्चमध्ये उभं राहून कबुली द्यायची रीत होती. मी मंडळात सगळ्यांसमोर तशीच उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. रडलेही.

"बस खाली," मर्सी म्हणाली. "त्या रविवारी आम्ही मागच्याच बाकावर होतो. नऊ वर्षं वाट बघतोय, ही बया कधी तोंड उघडते म्हणून!"

इनॉकनं रुमाल दिला, त्याला लाकडाचा भुसा. रडता रडता मला शिंका सुटल्या आणि सगळे पोट धरून हसले.

त्यांनी माफ केलं, पण माफ करायचा हक्क त्यांचा नव्हताच. तो तुझा आहे. पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येशील? येणार नसलीस तर तसं लिही. नकार असला तरी तुझ्या हातचा म्हणून जपून ठेवीन.

त्या रविवारी मारायला हवी होती, ती हाक आज मारते. हॅटी, ये गं, बस माझ्याजवळ.

तुझीच चुकलेली बहीण,
लोइस