तांबेरा नव्हता तो

अण्णा,

हंसराजच्या पानांमागं, कडेला होते ते तपकिरी ठिपके म्हणजे तांबेरा नव्हता. हंसराज म्हणजे नेचा, त्याला फूल नाय, बी नाय. त्या ठिपक्यांतल्या भुकटीपासूनच नवी रोपं होतात. तुम्ही गव्हावरचा रोग समजून सगळी पानं कापून जाळली. काळजीनंच केलं, पण माझा कॉलेजचा प्रयोग गेला.

म्हणून मी फुलंब्रीला चाललेय. आपल्या जुन्या विहिरीच्या कपारीत हंसराज लई आहे. विहीर आता बन्सीकाकांच्या वाट्याला आहे आणि तुम्हा दोघा भावांचं सहा वर्षं बोलणं बंद आहे, हे मला ठाऊक आहे. तरी जाणार.

खोकल्याचा काढा गरम करून घ्या. तोही हंसराजचाच आहे. येताना तुमच्यासाठी पानं आणते.

काका विचारतील, कुणी पाठवलं. मी सांगणार, अण्णांनी.

दीपा