केसलरबाईंच्या ब्रोटची पुण्यातली सोय

३ मे २००७, गुरुवार. सकाळी ११, ऑफिस, एश्बॉर्न, जर्मनी

केसलर पुण्याला चालला. आमचा साहेब. हिंजवडीचं नवं ऑफिस तीन वर्षं तोच बघणार आणि हाताखाली एक डेप्युटी घेणार. मराठी येणारा, जर्मन येणारा, इथली कामाची पद्धत माहीत असणारा. असा माणूस ऑफिसात एकच आहे. नाव लिहायची गरज नाही.

घरी बायकोला, विभावरीला फोन केला. तिने विचारलं, ठरलंय का. म्हटलं, ठरल्यातच जमा. इथे येऊन सहा वर्षं झाली. परत जायचं तर असं जावं, साहेबाच्या शेजारच्या सीटवर.

७ मे, सोमवार

एक अडचण, पण किरकोळ. केसलरची बायको म्हणते, तिकडे धड ब्रोट मिळणार नसेल तर मी येत नाही. ब्रोट म्हणजे इथला पाव. काळा, जड, आंबट, राय नावाच्या धान्याचा. केसलर कॉफी मशीनपाशी गाठून विचारत होता, पुण्यात मिळतं का. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, त्याची काळजी माझ्यावर सोडा.

त्याने मलाच विचारलं यात नवल नाही. ब्रोटमधला जाणकार म्हणून माझं ऑफिसात नाव आहे. पहिल्याच वर्षी मी हेरलं होतं की जर्मन माणूस हवामानावर एक मिनिट बोलतो, ब्रोटवर दहा. तेव्हापासून मी स्तुती चालू ठेवली आहे. गेल्या ख्रिसमस पार्टीत तर भाषणच केलं, की हा देश सोडताना मला सगळ्यात जास्त चुटपुट ब्रोटची लागेल. केसलरचे डोळे पाणावले होते.

(घरी टोस्टचा मऊ पांढरा ब्रेड येतो, तो विभावरीसाठी. तिच्या दाढा नाजूक आहेत. मी तिला सोबत म्हणून खातो.)

८ मे, मंगळवार

श्रीरंगची मेल. एकट्या केसलरला नाही, अख्ख्या टीमला.

हा श्रीरंग दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता. २००५ साली पुण्याला परत गेला, आता आमच्याच पुण्याच्या ऑफिसात आहे. कँटीनमधली बाई अजून मला विचारते, तो हसरा कसा आहे. माझं नाव तिने सहा वर्षांत विचारलेलं नाही.

मेलमध्ये काय, तर औंधला कुणी कुसुमताई आहेत, बारा वर्षं श्टुटगार्टला राहून आलेल्या. त्या दर शुक्रवारी घरी ब्रोट भाजतात. हा ते आणतो. सोबत फोटो. कापलेलं ब्रोट, सुरी, लोणी आणि श्रीरंगचा हात. हाताची काही गरज नव्हती.

फोटो मोठा करून बघितला. भेगा संशयास्पद आहेत. तासभर बघितला.

१२ मे, शनिवार

विचारांती योजना. कुसुमताई ही परक्या माणसाची ओळख. उद्या त्यांनी भाजणं बंद केलं तर केसलरबाई काय खाणार? त्यापेक्षा डेप्युटीच जर स्वतः ब्रोट करणारा असला तर?

म्हणजे मी शिकायचं. पुस्तक आणलं. आधी साउअरटाइग करावं लागतं. रायचं पीठ पाण्यात कालवून आंबवत ठेवायचं आणि त्याला रोज थोडं नवं पीठ घालायचं. आपल्या लोकांच्या रक्तातच आंबवणं आहे, श्रीरंगला हे सुचलं नाही. सोळा जूनला केसलर जोडप्याला जेवायला बोलावलं. माझं ब्रोट खायला. त्यांनी हो म्हटलं. मोहीम फत्ते.

विभावरीने तोवर कोथरूडच्या दोन शाळांना लेकीच्या, अपूर्वाच्या प्रवेशासाठी पत्रं लिहिली आहेत. जरा घाई करते.

१९ मे, शनिवार

पीठ मेलं. पुन्हा कालवलं.

२४ मे, गुरुवार

पीठ जिवंत. बुडबुडे. वासही येतो. विभावरी म्हणते मोज्यांचा. तिला जाणकारी नाही.

आज केसलर ऑफिसात श्रीरंगशी फोनवर वीस मिनिटं बोलला. मी मोजली नाहीत, घड्याळ समोर होतं. तीनदा हसला. माझ्याशी बोलताना तो हसत नाही, पण गंभीर माणसांशी कोण हसतं.

२ जून, शनिवार

सासूबाई पुण्याहून आल्या. तीन महिने राहणार. मी सांगितल्याप्रमाणे पुण्यातल्या ब्रोटचे नमुने घेऊन आल्या आहेत. म्हणाल्या, जगातली माणसं लेकीकडे चिवडा-लाडू नेतात, मी पाव घेऊन विमानात बसले. नमुने पुढीलप्रमाणे. एक मिल्क ब्रेड. एक टूटीफ्रूटीचा. एक ब्राउन ब्रेड, जो पाण्यात बुडवल्यावर पांढरा झाला आणि पाणी ब्राउन झालं. उत्तम. पुण्यात माझ्याशिवाय केसलरबाईंना पर्याय नाही हे सिद्ध झालं.

मिल्क ब्रेड चार वाजेपर्यंत संपला. कसा ते कळलं नाही. चहा दोनदा झाला होता.

सासूबाई म्हणाल्या, आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट रिकामा होतोय, मी तुमच्यासाठी सांगून ठेवलंय. मी म्हटलं, अहो आई, अजून अधिकृत नाही. पण फ्लॅट पूर्वेचा आहे का, तेवढं विचारलं.

९ जून, शनिवार

पहिलं ब्रोट भाजलं. अपूर्वाने ते जमिनीवर टाकून बघितलं. टाइल्सना तडा नाही, म्हणजे अगदीच वाईट नाही. ती जर्मनमध्ये म्हणाली, पापा, हे ब्रोट नाही. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. पुण्याला गेलो की हे सुधारेल. खरं तर त्यासाठीच जायचंय. डेप्युटी वगैरे नंतर. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

पुढच्या खेपेला नक्की. पीठ आता पूर्ण तयार आहे. फ्रिजमध्ये, मोठ्या पातेल्यात.

१५ जून, शुक्रवार. दुपार

लवकर घरी आलो. उद्याच्या ब्रोटचं पीठ आजच मळायचं होतं. पातेलं घासून पालथं घातलेलं.

सासूबाईंनी आंबोळ्या केल्या. म्हणाल्या, पीठ छान आंबलं होतं, आज केलं नसतं तर वाया गेलं असतं. हिरवी मिरची, हिंग, थोडं तांदळाचं पीठ. अपूर्वाने पाच खाल्ल्या आणि मराठीत म्हणाली, आजी, अजून एक.

मी अत्यंत संतापलो होतो. आंबोळ्या सहा खाल्ल्या. संताप तसाच होता.

१६ जून, शनिवार. सकाळी ९

मार्ग निघाला. एस-बानच्या स्टेशनजवळच्या बेकरीतून एक गोल ब्रोट आणलं. ओव्हनमध्ये गरम करायचं, वर पीठ भुरभुरायचं. फसवणूक नव्हे. भाजलं दोनदा, त्यातलं एकदा मी.

त्याच दिवशी, संध्याकाळ

ब्रोट समोर ठेवलं. केसलरबाईंनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि बोटाने तळावर टकटक केलं. इथे आवाजावरून ब्रोट पारखतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आपल्याही घरी कुणी येऊन तसं करेल हे डोक्यात आलं नाही. तळाला बेकरीचं कागदी लेबल. जरा करपलेलं, पण पत्ता वाचता येत होता.

अपूर्वाने पत्ता मोठ्याने वाचून दाखवला.

मी म्हटलं, आल्झो, म्हणजे असं की, मी स्वतः करून बघितलं, पण इथल्या ब्रोटची सर येत नाही, म्हणून शेवटी अस्सल ब्रोटच आणलं. केसलरबाई हसल्या आणि माझ्या हातावर थोपटलं. केसलर बराच वेळ माझ्याकडे बघत होता. माझा समजूतदारपणा त्याच्या ध्यानात आला असावा. एकंदरीत संध्याकाळ माझ्या बाजूने.

२९ जून, शुक्रवार. सकाळी १०

केसलरने केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. म्हणाला, डेप्युटी म्हणून तुझं नाव यादीत पहिलं होतं. पण बायको आणि मी त्या दिवशी घरी जाताना बोललो. ख्रिसमसचं ते भाषण आठवलं. ज्या माणसाला स्वतः केलेलं ब्रोटसुद्धा चालत नाही, त्याला तीन वर्षं पुण्याला पाठवणं क्रूरपणाचं होईल. तू इथेच रहा. तुझ्यासाठी पर्मनंट काँट्रॅक्ट करून घेतलंय. डेप्युटी श्रीरंग. केसलरबाई कुसुमताईंच्या भरवशावर यायला तयार आहेत.

त्याने उभं राहून हात मिळवला. आपण माझं भलं केलं असं त्याला मनापासून वाटत होतं.

एक वाक्य बोलता आलं असतं. की मला ब्रोट आवडत नाही, कधीच आवडलं नाही. सहा वर्षं तुम्ही माझ्याशी बोलावं म्हणून आवडून घेतलं. ओठांपर्यंत आलं होतं. मी डांके म्हटलं. धन्यवाद.

३० जून, शनिवार

विभावरीने शाळांची पत्रं फाइलला लावून ठेवली. सासूबाईंनी पुण्याला फोन करून फ्लॅट नको म्हणून कळवलं. अपूर्वा खूश आहे. तिची सगळी दोस्तमंडळी इथेच आहे, असं तिने जर्मनमध्ये सांगितलं.

दुपारी श्रीरंगला अभिनंदनाचा फोन केला. मोठ्या मनाने. आभार मानून तो म्हणाला, खरं सांगू का पद्माकर, हेवा वाटतो तुझा. कुसुमताईंचं आठवड्यातून एकदा मिळतं, तेही संपायच्या आत धावत जावं लागतं. तुला रोज मिळणार, आता जन्मभर.

श्रीरंगला माझा हेवा वाटावा म्हणून चार वर्षं वाट बघितली. म्हटलं, हो, ते आहेच.